चिठ्ठीत निघालेली बाजू

म्हैसूर,
ता. १९ फेब्रुवारी १९१७

ती. अंबूताईस,

नरहरीचा नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. आईचा खोकला उतरला. आप्पांकडे लग्नसराईची शिवणं आली आहेत, त्यांचा पाय मशीनवरून निघत नाही. बन्नूरला उसाची गुऱ्हाळं अजून चालू आहेत का?

आप्पांचं पत्र तुझ्या सासऱ्यांना पोचलं असेल. लेकीला मास्तरणीच्या शिक्षणासाठी बंगळुराला पाठवायला माझी संमती नाही, असं त्यांनी लिहिलं आहे आणि सोबत माझं भाषण जोडलं आहे. हो, माझंच. ते तू वाचलं असशील, तर एका ओळीपाशी नक्की थांबली असशील.

झालं ते असं. आमच्या कॉलेजात दर महिन्याला चालू विषयांवर वादसभा होते. या खेपेला ती कानडीत होती आणि विषय होता, 'विधवांनी घराबाहेर राहून शिकावे काय?' मी तर उडालोच, विषय तुझाच! आप्पा तुझ्या अर्जावर संमतीची सही करायला अर्धेअधिक तयार झाले होते. म्हटलं, त्यांना सभेला न्यावं, दहा शहाण्यांच्या तोंडून ऐकलं की सही करून मोकळे होतील. बिचाऱ्यांनी त्या दिवसासाठी मला नवा कोट शिवला आणि मागच्या बाकावर पागोटं सावरत येऊन बसले.

सभेची रीत अशी, की बाजू आपण निवडायची नाही. प्रोफेसर पगडी पुढे करतात, तीतून चिठ्ठी काढायची आणि निघेल ती बाजू लढवायची. मला विरोधाची निघाली. माझा काय इलाज होता?

 इलाज होता, ताई. माझ्या वर्गातल्या चिदंबरला तुझ्या बाजूची चिठ्ठी आली होती. तो आपण होऊन म्हणाला, "नरहरी, तुझ्या अक्काचं मला ठाऊक आहे. बदलू या, कोणी विचारत नाही." मी नको म्हटलं. विरोधाकडचे बाकीचे बोलणारे कच्चे होते, त्यांच्यात मी उठून दिसणार होतो. मला पदक हवं होतं. ते मिळालं.

भाषण आधी रंगेना. मी शास्त्रं सांगत होतो आणि पुढच्या रांगा जांभया देत होत्या. तेव्हा मला तुझं दिवाळीचं पत्र आठवलं. 'मला जायचंच आहे रे, पण परक्या गावी ताप भरला तर कपाळावर हात कोण ठेवील, असं मनात येतं.' तुझं नाव न घेता मी ते सभेत सांगितलं. 'मला जायचंच आहे' एवढं गाळलं. जांभया देणाऱ्या रांगा डोळे पुसू लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सोंग नव्हतं. मग टाळ्या पडल्या.

घरी येताना आप्पांना परोपरीनं सांगितलं, ती चिठ्ठीची बाजू होती, एक खेळ होता.

"हौदु, खरं, चिठ्ठी असेल," आप्पा म्हणाले. "पण खेळात कुणी रडतंय काय? पोरीच्या मनातलं मला कळत नव्हतं, ते तू दाखवलास. साकु, पुरे आता."

ते शब्द तुझेच, आणि अर्धे मी गाळले, हेही शेवटी कबूल केलं. ते म्हणाले, आता सारवासारव नको. दुसऱ्या दिवशी चिदंबरला समजूत घालायला घेऊन गेलो, तर त्यांनी त्याला कॉफी पाजली आणि कोटाचं माप घेतलं! मग मला समोर बसवून भाषण मराठीत लिहवून घेतलं. मी लिहून दिलं. तुला आलेल्या कागदावर अक्षर माझंच आहे.

अर्जाची मुदत काल संपली. पुढच्या वर्षी तुझं वय बसत नाही, याचीही चौकशी करून आलो.

पदक आप्पांनी दुकानात कातरीच्या खुंटीला टांगलं आहे. त्याच खुंटीखाली, फरशीवर, त्यांच्या शिवणाच्या खडूनं तू मला पहिली अक्षरं काढायला शिकवलीस. क्षमा मागायला तोंड नाही. एवढंच सांगतो, ताप आला, भीती वाटली, काहीही झालं, तरी यापुढे मनातलं मला लिहू नकोस.

तूच गिरवून घेतलेल्या अक्षरांत,
नरहरी