बाबूचे कान

प्रिय माय,

आजची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलो.

तू गेलीस त्याला महिना झाला. तेव्हापासून बाबू कानाला कुणाचाच हात लागू देत नव्हता. कानांना पुन्हा वास यायला लागला. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत साफ झाले नाहीत तर भूल द्यावी लागेल, आणि त्याच्या वयाला ती झेपेल की नाही, सांगता येत नाही. आज रविवार.

तुझ्या नातीने पुण्याहून बाबूला, या कॉकर स्पॅनियलच्या पिल्लाला, आणून तुझ्या हवाली केलं, तेव्हा मी किती कुरकुरलो होतो! आपल्या हट्टा गावात असलं कुत्रं? राखणीच्या नावाने शून्य. येईल त्याच्यापुढे लोटांगण, आणि कुणी आवाज चढवला की खाटेखाली. पण तुरीत शिरला की गडी वेगळाच! चितूर उठवायचा आणि तुझ्याकडे बघत उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, शिकाऱ्यांसाठी झुडपातली पाखरं उठवणारी जात आहे ही.

"व्हय का? उठवतंय, पण तोंड लावत न्हाई. गुणाचं हाय माझं लेकरू," तू म्हणालीस.

आणि लेकरू म्हणून तू त्याच्या कानात तेल घातलंस! करडीचं, लसूण टाकून कोमट केलेलं, आम्हा भावंडांना घालायचीस तसंच. त्या लोंबत्या कानांत आधीच वारा जात नाही. दोन्ही कान पिकले. दवाखान्यात चार माणसांत मी ओरडलो, "माय, तुला अक्कल हाय का?" परतताना गाडीवर मागून तू एवढंच विचारलंस, "त्याला ऐकू येईल ना रे?" मी उत्तरही दिलं नाही. माय, चुकलो. हे तुझ्या तोंडावर म्हणायला सात वर्षं होती माझ्याकडे!

तू मात्र रागावून बसली नाहीस, शिकलीस. पाणी पिताना कान भिजू नयेत म्हणून अरुंद तोंडाचं भांडं शोधलंस. अंघोळ झाली की कान कोरडे करायचीस, रानातून आला की पंजांतले गोखरूचे काटे वेचायचीस. भाकरीसुद्धा मोजून. मी म्हणालो, "पोटाला कमी काहून देतीस?" तर मलाच दटावलंस, "डॉक्टर वजन वाढू देऊ नका म्हणले, तवा तू काय झोपून राहिला व्हता?"

या महिन्यात मी काय केलं? त्याला धरलं. मी मान दाबायची, बायकोने पाय. तो थरथरायचा. एकदा तर त्याने दात दाखवले. बाबूने!

आज दुपारी एकदम आठवलं, तू त्याला कधी धरलंच नव्हतंस. ओसरीत पाय पसरून बसायचीस, बस्स. मीही बसलो. हळदीच्या व्यापाऱ्याचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. बाबू लांबून बघत होता. तासाभराने उठला, आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. डाव्या कानात औषध घातलं, कापसाने पुसला. आता उजव्यासाठी त्याला कसं वळवावं, या विचारात होतो, तर त्याने आपणहून मान फिरवली.

माय, हे तूच त्याला शिकवून ठेवलंस ना? तुझे उपकार कसे फेडू?

दर रविवारी मी बसेन. त्याला यायला कितीही वेळ लागो, हात लांब करून ओढणार नाही.

तुझा उतावळा,
थोरला