मिठाची सामुद्रधुनी

ठाणे. विसर्जनाचा दुसरा दिवस, १९५४

यंदा मंडळाच्या गणपतीपुढे बेरिंगची सामुद्रधुनी उभारली होती. बर्फाचे कडे आमच्याच मिठागरातल्या मिठाचे, मधल्या समुद्राला नीळ. भूगोलाचा मास्तर म्हणून नकाशा मीच काढून दिलेला. दमट हवेत त्या बर्फाला पाणी सुटलं, कडे खचले, नीळ सगळीकडे पसरली. वर उंदरांच्या लेंड्या.

आज ते उपसलं. मी म्हटलं, खाडीत टाका. मंडळाचे चिटणीस म्हणाले, "छे हो मास्तर, देवापुढचं मीठ ते. खालच्या आळीत प्रसाद म्हणून वाटू."

खालची आळी म्हणजे आमची. वरच्या आळीत पेढे गेले. असलं निळं, लेंड्यांचं मीठ, आणि प्रसाद?

घरी आलो तर पुडी माझ्याआधी पोचलेली. आई ती कपाळाला लावून मिठाच्या बरणीत ओतत होती.

"आये, घाण आहे ती."

"देवाचा परसाद हाय, टाकाचा नाय."

जेवताना आमटी अळणी लागली. तिने बरणी पुढे केली. निळे खडे वरच होते. मी नको म्हटलं. मग तिने त्यातलं चिमूटभर स्वतःच्या ताटात घेतलं, आणि मी नुसता बघत बसलो.