बेकरीतलं भूत आणि बाबांचा आवाज

तीर्थरूप आईस, हट्टी लेकीचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून नुसती पडून राहू नकोस, अ‍ॅनिमे ऐक. आधी माझी सर्वांत लाडकी, बेकरी चालवणाऱ्या भुताची मालिका लाव, मग दीपगृहातल्या बहिणींची. तलवारींची नको, तुझं बीपी वाढेल. भाषा जपानी आहे, पण खालच्या इंग्रजी ओळी बाबा मराठीत सांगतील. ‘कार्टून बघायचं वय आहे का?’ म्हणतील, म्हणू देत.

माझं उत्तम चाललंय. खोलीला खिडकीही आहे. डोळा ठणकतो का गं?

बाबा, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय, ठाऊक आहे मला. मालिका लावाल तेव्हा मला फोन लावून ठेवा. एरवी ‘जेवलीस का?’ विचारून लगेच फोन आईकडे देता. एक भाग चोवीस मिनिटांचा असतो.

तुमची,
चिमी