रानाची उसवलेली शिवण

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. लेकीच्या घरचे जिने चढून तुझे गुडघे कुरकुरत नसतील, आणि भाऊजींनी टीव्हीचा रिमोट जावयाला परत दिला असेल, असं धरून चालतो.

दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मी नदीकाठचं रान राखायला जातो, हे हिने तुला फोनवर सांगितलंच असेल. (कोणत्या शब्दांत, ते विचारत नाही.) ताई, रान काय चीज आहे हे मला साठीनंतर कळलं! नदीलगतची जेमतेम दोन फर्लांगांची पट्टी, पण आत पाऊल टाकलं की भर दुपारी गारवा. मांडीएवढ्या जाड वेली झाडांवरून झाडांवर गेलेल्या. पाखरं फळं खातात आणि बिया पेरून जातात. मुकादम नाही, हजेरी नाही, सगळं बिनबोभाट. देखरेख रोपवाटिकेच्या बाईंची. त्या डोळे मिटून पान चाचपतात आणि झाडाचं नाव सांगतात. मी कापड तसं ओळखतो, म्हणून मला त्यांचं भारीच कौतुक.

परक्या मुलखातून आलेली एक पिवळ्या फुलांची वेल झाडांचा गळा आवळते. तेवढीच कापायची, असं बाईंनी पान हातात देऊन शिकवलं. मीही जाणकारासारखी मान डोलावली. पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी. लोंबता धागा दिसला की कात्री आपोआप चालते. आणि रानाच्या कडेला तर सगळंच लोंबत होतं! बाई तासभर पलीकडच्या काठाला गेल्या, तेवढ्यात मी दहा हात कड अशी साफ केली की कोट असता तर गिऱ्हाइकाने पाय धरले असते.

बाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्या मटकन खाली बसल्या. मी कापल्या त्या सगळ्या रानाच्या स्वतःच्या वेली होत्या. ऊन-वारा आत शिरू नये म्हणून रान कडेला त्यांचाच पडदा धरतं. "मास्तर, तुम्ही धागे नाही कापलेत, शिवण उसवलीत," एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आतल्या बाजूला सत्तावीस रोपं होती. त्यांच्या जातीचं या काठावर एकच म्हातारं झाड उरलंय, आणि दुपारपर्यंत त्या रोपांची पानं करपू लागली. मला रडू आलं, ताई, खोटं कशाला सांगू?

वेली पुन्हा भरायला दोन वर्षं लागतील. उसवलं मी, तर शिवीनही मीच, असं म्हणून मी बांबू रोवले आणि कापड ताणलं. बाईंनी मला हाकललं नाही. (कात्री मात्र काढून घेतली.) आज दहावा दिवस. सव्वीस रोपं तगली आहेत, त्यांतल्या तिनांना तांबूस पालवी फुटलीये. काल बाई ती पाहून हसल्या, आणि मी घरापर्यंत शीळ घालत आलो.

तुझा,
धाकटा

ता. क. : कापड कुठलं, असं तू विचारशीलच. जाड, तरी थोडा उजेड सोडणारं हवं होतं. बाजारात मिळेना. मीच शिवलेले तुझ्या बैठकीच्या खोलीचे पडदे आठवले. घराची किल्ली माझ्याकडे होतीच.

आणखी एक ता. क. : झोपायच्या खोलीचेही.

शेवटचा ता. क. : सत्ताविसावं रोप अजून उन्हात आहे. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बरोब्बर पुरेल. या वेळी विचारल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणून तर हे पत्र. उत्तर टपालाने नको, फोन कर. त्याची दोनच पानं उरली आहेत.