घंटा वाजवायचा करार

७ जुलै २००८, सोमवार
ठरलं. लातूर सोडणार. पुण्याच्या कंपनीत एकवीसला मुलाखत, मूळ प्रमाणपत्रं लागणार. ती क्लासचे मालक शेषेराव सरांच्या कपाटात. त्यांच्याकडे कम्प्युटरच्या कामाला लागलो तेव्हा ठेवून घेतली होती, तीन वर्षं झाली. सर म्हणाले, न्या की, तेवढं तासांच्या घंटेचं सॉफ्टवेअर करून द्या. दोन दिवसांचं काम. मला दीड पुरे.

१० जुलै
झालं. (चार दिवस लागले. डिझाइनला वेळ लागतोच.) एक इंटरफेस लिहिला. म्हणजे करार: जो कोड स्वतःला घड्याळ म्हणवील त्याने 'तास संपला' हा इव्हेंट, म्हणजे इशारा, द्यायलाच हवा. ज्या वर्गाला तो ऐकायचाय त्याने घड्याळाकडे नाव नोंदवायचं. तास संपला की त्या नावाची घंटा वाजते. अकराही वर्गांत एकदम वाजली! शिपाई मडिवाळप्पाला समजावलं. तो म्हणाला, मंग म्या आता काय करू? प्रगती निर्दयी असते.

११ जुलै
दोनदा वाजली. व्होल्टेज.

१२ जुलै
तीनदा. व्होल्टेजच. सर म्हणाले, एकदाच वाजू द्या, मग कागदं न्या.

१४ जुलै
पाचदा. कारण सापडलं. ऑफिसातल्या उज्वला मॅडम रोज सकाळी स्क्रीन उघडतात, तेव्हा प्रत्येक वर्ग पुन्हा नाव नोंदवतो. जुनं नाव काढायची ओळ मी लिहिलेली नाही. आणि नाव काढलं नाही की घड्याळ कुणाला सोडत नाही. थोडक्यात, चूक मॅडमची. ओळ उद्या.

१५ जुलै
सहा. डोकं दुखत होतं.

१७ जुलै
आठ. आधी बॅग भरली. मन मोकळं असलं की कोड चांगला होतो.

१९ जुलै, शनिवार
दहा. किल्लारीपासून आमच्या क्लासचा नियम आहे: घंटा थांबेना म्हणजे भूकंप, मैदानात पळा. टेस्ट चालू होती. साडेआठशे पोरं पेपर टाकून खाली. मडिवाळप्पाचं घर त्र्याण्णवला गेलेलं. मुलींचा मजला रिकामा करून तो सगळ्यात शेवटी आला. विचारू लागला, सर, अजून हलायलंय का? न्हाई म्हणालो. फार लाज वाटली. ती ओळ लिहिली. पाच मिनिटं लागली.

२० जुलै, सकाळी ९
आज सर हाकलणार. उत्तमच. कागदं तोंडावर फेकतील, मी झेलीन. दुपारची बस आहे.

२० जुलै, सायंकाळी ६
सरांनी मिठी मारली. दोन मिनिटांत इमारत रिकामी! पालकांचे फोनवर फोन. उद्याच्या पेपरात जाहिरात: भूकंपाची घंटा असलेला क्लास. संशोधक, गुरुलिंग सर, म्हणजे मी. पालकांना दिसावीत म्हणून माझी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून, मोठ्या फ्रेममध्ये, दरवाजासमोरच्या भिंतीवर स्क्रूने पक्की बसवलीत. मी पुण्याचं काढलं, तर सर म्हणाले, आता कुठं जाता, तुमी आमचेच की.
हाव सर, म्हणालो.
सरांनी फ्रेमला हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.