हिराक्काचा मुराळी

१७ जुलै ९७, सांगली
गुरुवार, म्हणजे मनोरुग्णालयाच्या वॉर्डात तेल-वेणी. मैत्रीण मालू बायकांची नखं कापते, मी केस विंचरते. डॉ. म्हणाले, हिराक्का आता घरी जाऊ शकेल, फक्त गोळ्या चुकता कामा नयेत. नवऱ्यानं दुसरी केलीय, तिकडचं नावच नको. राहिला भाऊ बिरू. कवठे महांकाळच्या पलीकडे गाव, मेंढरं आहेत. पत्र घातलं, उत्तर नाही.
"त्येला वाचाय कुठं येतंय, बाई! मेंढरानं खाल्लं आसंल," हिराक्का.

२२ जुलै
मालूच्या दिरांची जीप मिळतेय. ठरलं, आपणच नेऊन सोडायचं. आईचं इरकली लुगडं ट्रंकेतून काढलं तिच्यासाठी. अजून कापराचा वास.

२४ जुलै
फजिती. गाव दिसायला लागलं आणि हिराक्कानं जीप थांबवली. उतरेना.
"भ्यालीस का गं?" मालू.
"भ्याले न्हाई. पंचमी तोंडावर आली, आन् मुराळी न्यायला आल्याबिगर म्हायारच्या दारात जाऊ? लोक म्हंतील, येडी सुटून आली."
मी तिच्यापाशी बसले, मालू एकटी गावात गेली. बिरू मेंढरांमागे रानात. भावजयीनं चहा दिला, पण म्हणाली, "चुलीतलं जळतं लाकूड घिऊन माझ्या पोरावर धावली हुती. बरी झाली, आसं तुमी म्हंताय." तिचंही काय चुकलं?
परत आणलं. वाटेत माझेच डोळे भरले, तर हिराक्काच समजूत घालतेय, "आवं बाई, तुमी शेरातल्या. तुमास्नी काय ठावं!"

२५ जुलै
ठाऊक कसं नाही? पंचमीला साताऱ्याहून दादा यायचा मला न्यायला, मुराळी होऊन. सासूबाईंपुढे इतका बावरायचा की अर्धा चहा बशीत. तरी दर वर्षी आला. त्याच्याशिवाय मी एकदाही माहेरी गेले नाही. आणि हिला पार्सल पोचवावं तशी घेऊन निघाले! शाळेतल्या मदर म्हणायच्या, मदत करण्याआधी विचारावं. कॉन्व्हेंटात हे इंग्रजीतून पाठ केलं होतं.
डॉ. मात्र खूश. म्हणाले, स्वतःचा मान कळतोय तिला, आणखी काय हवं. बरं वाटलं.

३ ऑगस्ट
बिरू आला!! खांद्यावर घोंगडं, वॉर्डाच्या दारातच उभा. निरोप आला म्हणून धावत गेले.
"एवढ्या दिसांनी वाट घावली व्हय रं?"
"तू गावाबाहीरनंच माघारी फिरलीस, आक्का. समदा गाव माझ्या तोंडात शेण घालाय लागला. भन दारापतुर आली आन् तुला न्यायला जायाचं कळंना म्हंत्यात."
"बरं झालं! लय आधीच घालाय पायजे हुतं."
दोघंही हसले. मग तो तोंड फिरवून रडला. वॉर्डातल्या सिस्टरनी त्याला गोळ्या समजावल्या, सकाळी तांबडी, सांजेला पांढरी. पंचमी करून चौदा तारखेला आणून सोडतो म्हणाला. पुढचं बायकोला विचारून. जाताना हिराक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. इतकी माया आता माझ्यावर दुसरं कोण करतं? देवाची ऋणी आहे.

१४ ऑगस्ट
आज ती यायची. दुपारची एस.टी. गेली, संध्याकाळचीही.
मालू म्हणते, रमली असेल, भावजयीनं ठेवून घेतली असेल. सिस्टर म्हणतात, तिच्याजवळ गोळ्या उद्यापुरत्याच आहेत. दोन्ही खरं असू शकतं.
ती परत आली नाही म्हणून मी पहिल्यांदाच मनापासून देवाचे आभार मानले, आणि मानता मानता घाबरले.
पुढच्या महिनाभराच्या गोळ्या सिस्टरकडून मागून घेतल्या. सकाळच्या गाडीनं मी जाते. तिला आणायला नाही, फक्त गोळ्या द्यायला.
"आणि घरात ती नसलीच तर?" मालू.
तिला म्हटलं, तूही चल.