पोटातले जंतू

औसा, सोमवार संध्याकाळ

आज लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट तपासलं. जठराला जुनी सूज आहे, ती जंतूंमुळे आहे, आणि असे जंतू घाण पाण्यातूनही येतात, म्हणाले. सहा वर्षं जळजळ सोसली. इथले डॉक्टर पोटाला हातसुद्धा न लावता दर वेळी एकच सांगायचे, "बाई, वजन कमी करा." हातसुद्धा लावला नाही! दुष्काळात टँकरचं पाणी सगळं घर प्यायलं, खादाड मात्र मीच ठरले. दोन वर्षं रात्रीची उपाशी झोपले, ते कशासाठी?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जंतू हायेत म्हून काय झालं? लई खातीस, हे तर खरंच हाय ना?"

मी त्यांच्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या, मग गोळी घेतली.